पहाटेच्या गिझरचं माप

डाब, तोरणमाळ भागात थंडी शिगेला पोचली की गवतावरचं दव गोठतं. खाली नंदुरबार, शहादा, तळोद्यातही त्या दिवसांत आंघोळीला कढत पाणी लागतंच. कुठे चुलीवरचं, कुठे बंबातलं, कुठे गॅस गिझरचं. सिलिंडरच्या घरात गॅसचा हिशेब एकच: १४.२ किलोची टाकी किती दिवस पुरली? पाइपचा गॅस आला की हा हिशेब फक्त बिलापुरता उरतो. मीटर निवडताना विचारायचं असतं ते वेगळंच: ऐन घाईच्या तासाला एकदम किती जळतं?

हा मीटर तसा जुना कारागीर. थॉमस ग्लोव्हरने १८४४ साली लंडनमध्ये घडवलेल्या कोरड्या मीटरचं तत्त्व आजही तेच आहे. आत लवचीक पडद्यांचे कप्पे असतात. एक भरतो, दुसरा रिकामा होतो आणि त्या हालचालीवर आकड्यांची चाकं सरकतात. पूर्वी पडदे मेंढीच्या कातड्याचे असत, आता कृत्रिम रबराचा थर दिलेल्या कापडाचे.

१९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅसमुळे मुंबईच्या स्वयंपाकघरांत नैसर्गिक वायूसाठी हे मीटर दिसू लागले. घरगुती मापांतला लहान मीटर म्हणजे जी १.६. तो ताशी अडीच घनमीटरपर्यंत गॅस मोजतो.

आता सकाळी सहाचं घर डोळ्यांसमोर आणावं. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गिझर सुमारे १२ किलोवॉट उष्णता खातो. एका घनमीटर नैसर्गिक वायूतून साधारण १० किलोवॉट-तास मिळतात, म्हणजे गिझरलाच ताशी १.२ घनमीटर लागले. शेजारी चहा आणि भाकरी, दोन्ही बर्नर पेटलेले. त्यांचे आणखी ०.४. बेरीज १.६. मीटर निवांत आहे.

वरच्या मजल्यावर दुसरा गिझर बसला आणि दोन्ही एकदम चालले, की बेरीज २.८ होते. मीटर लगेच बंद पडत नाही, पण त्यातून जाताना गॅसचा दाब जास्त घटतो. घरातला दाब मुळातच २१ मिलिबार, त्यामुळे ज्योत मंदावते. अशा घराला ताशी चार घनमीटरचा जी २.५ हवा.

मग सरळ मोठाच का बसवू नये? कारण प्रत्येक मीटरला खालचीही मर्यादा असते. जी १.६ ताशी १६ लिटरपासून नेमकं मोजतो, जी १० मात्र १०० लिटरपासून. दूध आटवणाऱ्या मंद आचेला ताशी तीसेक लिटरच लागतात. एवढ्या बारीक धारेचं नेमकं माप मोठ्या मीटरकडून मिळण्याची खात्री नसते.

सिलिंडरची सवय इथेही कामी येते: एक किलो एलपीजीची उष्णता साधारण सव्वा घनमीटर नैसर्गिक वायूत असते. मात्र तेवढ्याच आकारमानात या वायूची उष्णता एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून जोडणी बदलताना शेगडीचे जेट बदलून मोठ्या छिद्राचे बसवावे लागतात. फिटर त्यासाठी येईल तेव्हाच प्रत्येक उपकरणाच्या पाटीवरचा आकडा त्याला दाखवावा, आणि वरच्या मजल्यावर पुढे बसवायच्या गिझरचाही बेरजेत धरायला सांगावा.