अंधारात चाललेली पेन्सिल

नाच चालू असताना प्रेक्षागृहात बसून चित्रं काढणाऱ्यांचं मला फार वर्षांपासून वेड आहे. त्या वेडापायीच वॅलेंतीन ग्रोस भेटली.

२९ मे १९१३ची, ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेच्या पहिल्या प्रयोगाची पॅरिसमधली रात्र बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. स्त्राविन्स्कीचं संगीत, प्रेक्षकांचा गदारोळ, आणि विंगेत खुर्चीवर उभा राहून नर्तकांना ओरडून मात्रा मोजून देणारा, नाच बसवणारा निजिन्स्की. त्या बॅलेवर लिहिणारे सगळे याच गोंधळात रेंगाळतात. मला ओढ आहे ती मधल्या दोन बॉक्सच्या मध्ये उभ्या असलेल्या सव्वीस वर्षांच्या चित्रकर्तीची, म्हणजे ग्रोसची. रशियन बॅलेची तिनं केलेली चित्रं त्याच रात्री नाट्यगृहाच्या फॉयेमध्ये लावलेली होती. या नर्तकांना ती आधीपासून रेखाटत आली होती, त्यामुळे हात तयार होता.

निजिन्स्कीचा हा नाच पॅरिस आणि लंडन मिळून जेमतेम आठ-नऊ वेळा झाला. त्याच वर्षी त्यानं लग्न केलं, संतापलेल्या कंपनीप्रमुख दिआगिलेवनं त्याला काढून टाकलं, आणि नाच बंद पडला. १९२०मध्ये त्याच संगीतावर मासीननं वेगळा नाच बसवला. जुना कुणालाच पुरता आठवत नव्हता, आणि त्याची फिल्मही नव्हती.

उरल्या त्या ग्रोसच्या वह्या. आज त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. अंधुक उजेडात, भराभर ओढलेल्या पेन्सिलच्या रेघा. नाकीडोळ्यांवर ती वेळ घालवत नाही. आत वळलेली पावलं, वाकलेले गुडघे, कललेली मान, आवळलेल्या मुठी यांच्यामागे तिची रेघ धावते. बॅलेनं शतकभर घोटवलेली ठेवण निजिन्स्कीनं मोडली होती, आणि लोक ओरडत असताना ही बाई नेमकी तीच मोडणी टिपत होती! पुढे ‘माँज्वा!’ या नियतकालिकात तिनं बळी जाणाऱ्या मुलीचं काम करणाऱ्या मारिया पिल्ट्झच्या नाचाची रेखाटनं स्वरलिपीच्या ओळींसोबत छापली. कोणती आकृती संगीताच्या कोणत्या जागेवर येते, हे त्यातून हाती लागतं. एवढी समज मला तरी दुसऱ्या कुणा रेखाटनकाराकडे दिसलेली नाही.

मिलिसेंट हॉडसन या अमेरिकन नृत्य-अभ्यासक बाईंनी हरवलेला नाच पुन्हा उभा करायला वर्षानुवर्षं धागे जुळवले. निजिन्स्कीची मदतनीस मारी रँबेर हिनं पियानोच्या प्रतीवर केलेल्या टिपा, त्या काळची परीक्षणं आणि ग्रोसची रेखाटनं. नेपथ्य आणि वेशभूषेची बाजू केनेथ आर्चर यांनी सांभाळली. ती मुळात निकोलाय रोरिक यांची, म्हणजे कुलूजवळच्या नग्गरला जाऊन आलेल्यांना हिमालयाचे चित्रकार म्हणून माहीत असलेल्या रोरिक यांचीच. ३० सप्टेंबर १९८७ रोजी जॉफ्री बॅलेनं लॉस एंजेलिसमध्ये हा नाच पुन्हा उभा केला.

यावर वाद झाला. हा निजिन्स्कीचा नाच कशावरून, तो हॉडसनबाईंचाच, असं टीकाकार म्हणाले. आक्षेपात तथ्य आहे. रेखाटन एक क्षण धरतं; त्या क्षणापर्यंत नर्तक कसा आला आणि तिथून कुठे गेला, हे पुष्कळदा अंदाजानंच भरावं लागतं. पण देहाची ती ठेवण अंदाजाची नाही. ती डोळ्यांनी पाहून त्याच दिवसांत कागदावर उतरलेली आहे.

१९१९मध्ये ग्रोसनं व्हिक्तोर ह्यूगोचा पणतू जाँ ह्यूगो याच्याशी लग्न केलं. कलेचा इतिहास तिला वॅलेंतीन ह्यूगो या नावानं, अतिवास्तववाद्यांची सोबतीण म्हणून ओळखतो, आणि या वह्या मागे पडतात. हा अन्याय आहे. पुनर्रचित नाच जिथे जिथे होईल, तिथल्या कार्यक्रमपत्रिकेत स्त्राविन्स्की, निजिन्स्की आणि रोरिक यांच्या खालोखाल वॅलेंतीन ग्रोस हे नाव छापलंच पाहिजे.