स्वतःला खर्चून पुढे सरकणारा गोल

'ऑस्मॉस' या खेळाचा नियम एका ओळीत सांगता येतो: आपल्यापेक्षा लहान असेल त्याला सामावून घ्यायचं आणि मोठा असेल त्याच्यापासून लांब राहायचं. पडद्यावर काळंभोर अवकाश, त्यात तरंगणारे असंख्य उजळ गोल आणि त्यांतला एक गोल म्हणजे आपण. आपल्याहून लहान ते निळे दिसतात, मोठे ते तांबडे. बंदुका नाहीत, आरडाओरडा नाही. नियम ऐकून हा पोरखेळ वाटतो. खरी गंमत कळते ती हलायचा प्रयत्न केल्यावर.

इथे पुढे जायचं तर स्वतःचाच थोडा अंश मागे फेकावा लागतो. क्लिक केलं त्या दिशेला कण उडतो आणि आपण उलट दिशेला सरकतो. दर क्लिकला आपण थोडे आक्रसतो. घाईघाईने एखाद्याच्या मागे लागावं, तर त्याला गाठेपर्यंत आपणच त्याच्याहून लहान झालेलो असतो. फेकलेला कणही वाया जात नाही. तो वाटेतल्या तांबड्या गोलाला जाऊन मिळतो आणि प्रतिस्पर्धी आपल्याच जिवावर फुगतो. रॉकेटचं गणित याच जातीचं आहे. कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ साली ते प्रसिद्ध केलं: वेग हवा तर वस्तुमान टाकावं लागतं आणि वेगाची हाव वाढली की टाकायचं वस्तुमान झपाट्याने वाढत जातं. न्यूटनचे नियम शाळेत आपण सगळ्यांनीच घोकले. त्यांची किंमत मोजायला लावणारा वर्ग मात्र मला या खेळातच भेटला.

एक छोटा धक्का द्यायचा आणि वाट बघायची, ही इथली रीत. काळाचा वेग कमी-जास्त करता येतो, त्यामुळे वाट बघणं कंटाळवाणं होत नाही. सोबतीला लॉसिल, बायोस्फियर अशा संगीतकारांच्या संथ इलेक्ट्रॉनिक सुरावटी आहेत. त्या पार्श्वभूमीला वाजत राहत नाहीत, आपल्या श्वासाची गती ठरवतात. हेडफोन न लावता हा खेळ खेळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्वांत सुंदर टप्पे गुरुत्वाकर्षणाचे. मधोमध एक जड तारा आणि सगळे त्याच्याभोवती फिरत असतात. इथे सरळ विचार चालत नाही. पुढच्या गोलाला गाठायला त्याच्या दिशेने जोर लावला, तर आपली कक्षा रुंदावते आणि आपण उलट मागे पडतो. त्याला पकडायचं तर आधी वेग कमी करून आतल्या, छोट्या कक्षेत उतरायचं; तिथली फेरी लवकर पूर्ण होते.

हाच धडा जून १९६५ मध्ये जेमिनी-४ यानाचे कप्तान जेम्स मॅकडिव्हिट यांना प्रत्यक्ष अवकाशात मिळाला. स्वतःच्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायला त्यांनी त्याच्या रोखाने इंजिनं चालवली. अंतर हवं तसं मिटेना, इंधन मात्र संपत चाललं; शेवटी प्रयत्न सोडावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरात जेमिनी-६ए आणि जेमिनी-७ एकमेकांजवळ आली, ती कक्षांचं गणित नीट मांडल्यावरच. आपल्या इस्रोने १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स मोहिमेतले दोन उपग्रह अवकाशात जोडले, तेव्हा ही विद्या अवगत असलेला भारत चौथा देश ठरला. ५ किलोमीटर, दीड किलोमीटर, ५०० मीटर, १५ मीटर, ३ मीटर असे थांबे घेत, अंतर तपासत ते एकमेकांकडे सरकले. मध्ये ठरलेली तारीख पुढेही ढकलली. त्या बातम्यांमधला संयम 'ऑस्मॉस' खेळलेल्या माणसाला जरा जास्त समजतो.

हा खेळ केला कॅनडातल्या हेमिस्फियर गेम्स या चिमुकल्या चमूने; मूळ कल्पना एडी बॉक्सरमन यांची. २००९ साली तो विंडोजवर आला आणि २०१० मध्ये लिनक्स या मोफत संगणकप्रणालीवर. तेव्हा लिनक्सवाल्यांसाठी कुणी खेळ करायला फारसं धजावत नसे, म्हणून या निर्णयाचं मोल मला मोठं वाटतं. डिसेंबर २०१० मध्ये 'हंबल इंडी बंडल'च्या दुसऱ्या संचात तो सामील झाला. हवी ती किंमत द्या, त्यातला वाटा धर्मादाय संस्थांनाही जाऊ द्या, अशी ती योजना होती. त्यात लिनक्स वापरणाऱ्यांनी सरासरीने विंडोजवाल्यांपेक्षा बरेच जास्त पैसे मोजले. फुकट वापरायची सवय लागलेली जमात अशी त्यांची बदनामी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. पुढे २०१३ मध्ये स्टीम हे खेळांचं ऑनलाइन दुकान लिनक्सवर आलं, २०१८ मध्ये प्रोटॉन या मध्यस्थ सॉफ्टवेअरमुळे विंडोजचे हजारो खेळ तिथे चालू लागले, आणि आज स्टीम डेक हे हातातलं यंत्रही लिनक्सवरच चालतं. 'ऑस्मॉस'ला मात्र या मध्यस्थाची गरज नाही. त्याची लिनक्ससाठीची स्वतंत्र आवृत्ती स्टीमवर मिळते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार संपला आणि घरोघरचे चांगले चालणारे लॅपटॉप एका दिवसात जुने ठरले. तुमच्याकडे असा एखादा असेल तर तो भंगारात देऊ नका. त्यावर लिनक्स मिंट टाका आणि सुट्टीतल्या एका संध्याकाळी 'ऑस्मॉस' सुरू करा. मुख्य प्रवास काही तासांचाच आहे. घरातल्या दहावीच्या मुलालाही शेजारी बसवा, आणि गुरुत्वाकर्षणाच्या टप्प्यावर माउस त्याच्या हाती द्या.