निकोया द्वीपकल्प : गावे, किनारे आणि कासवांची अंडी

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर निकोया हे ग्रामीण द्वीपकल्प आहे. निकोया हे जुने नगर अंतर्भागात, पशुपालनाच्या प्रदेशात वसले आहे. पर्यटकांचा ओढा मात्र सामारा, तामारिंदो या किनाऱ्यांकडे असतो. अभ्यासकाने पाहावे ते ओस्तिओनाल. येथे ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंच्या संख्येने एकाच वेळी अंडी घालतात. नंतर आलेली कासवे आधीची घरटी उकरून टाकतात आणि ती अंडी वायाच जातात. म्हणून १९८७ पासून पहिल्या टप्प्यातील अंडी गोळा करून विकण्यास ग्रामस्थांना कायदेशीर मुभा मिळाली. किनाऱ्याची स्वच्छता व राखण तेच करतात. आपल्या वेळासला याच जातीची कासवे येतात, पण एकेकटी. तेथील अंडी उबवणीसाठी जपली जातात.