नाक्यावरचा त्रास: वॉर्ड ऑफिसचं काम कोणतं, पोलिसांचं कोणतं?

गैरसमज: टवाळखोरांना हटवणं पालिकेचं काम आहे.
लालबागच्या उड्डाणपुलाखाली रात्री धिंगाणा सुरू झाला की चाळीतून पहिला फोन जातो तो नगरसेवकाला. पण पालिका कुणाला अटक करू शकत नाही की तडीपारही करू शकत नाही. इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्यानुसार स्थानिक कौन्सिल ठरावीक जागी दारू पिण्यावर बंदी घालते. मुंबई महापालिकेच्या हाती तसं काही नाही. इथे कामाला येतो तो 1951 चा महाराष्ट्र पोलीस अधिनियम. असभ्य वर्तनासाठी कलम 110, शांतता भंग होईल अशा वागण्यासाठी 112 आणि दंड 1200 रुपयांपर्यंत. तडीपारीचे आदेशही याच कायद्याखाली पोलीसच काढतात.

गैरसमज: मग पालिका काहीच करू शकत नाही.
हे उत्तर वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर मिळालं, तर ते मान्य करू नका. माणसावर नसला, तरी जागेवर पालिकेचा अधिकार मोठा आहे. रस्त्यावर विनापरवाना मांडलेलं सामान 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातल्या कलम 314 नुसार नोटीस न देता उचलता येतं. थुंकणं, लघवी करणं, कचरा टाकणं यांसाठी 2006 च्या उपविधींनी 200 रुपये दंड ठरवला. मंडपासाठी रस्ता खणला तर खड्ड्यामागे दंड घेतला जातो, मंडळ कितीही मोठं असो. 2025 मध्ये तो 15 हजार केला होता; विरोध झाल्यावर पुन्हा 2 हजारांवर आला. रस्त्यावर हे दंड वसूल करणारे क्लीन-अप मार्शल मात्र एप्रिल 2025 मध्ये बंद झाले, त्यामुळे त्यांच्या भरवशावर राहू नका. आणि पुलाखाली अंधार असेल, तर लक्षात ठेवा, शहर भागातले रस्त्यावरचे दिवे बेस्टकडे आहेत. माझ्या मते पहिली तक्रार दिव्याचीच करावी.

गैरसमज: तक्रार केली की नाव फुटतं.
या भीतीने चाळीच्या चाळी गप्प बसतात. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भोंग्यांच्या प्रकरणात पोलिसांना बजावलं, की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा. भोंग्यांचा नियम असा: रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं.

प्रकार चालू असतानाच 112 ला फोन करा. टपरी, फलक, कचरा यांची लेखी तक्रार परळच्या एफ दक्षिण वॉर्ड कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.