नागोठणे ते पनवेल, एक ख्याल

रोह्याहून दिव्याकडे जाणारी मेमू नागोठण्यात थांबते तेव्हा फलाटावरची मंडळी जागा कुठल्या डब्यात मिळेल याचा अंदाज बांधत असतात. भाऊंचा अंदाज वेगळा असतो. पनवेलपर्यंत सवा-दीड तास हातात आहे. त्यात कासू, पेण, हमरापूर, जिते, आपटा, रसायनी, सोमाटणे. एवढ्यात एक बडा ख्याल, त्याला जोडून छोटा, आणि वेळ उरलाच तर एखादं नाट्यपद बसतं. गवई विलंबितात रमला तर पेण गेलं तरी अंतरा येत नाही. तसं झालं की भाऊ खूश असतात.

भाऊ पनवेलच्या एका कार्यालयात कारकून आहेत आणि नागोठण्याच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. पगार पहिल्या कामाचा मिळतो, ओळख दुसऱ्यामुळे आहे. गावात ‘पेटीवाले भाऊ’ विचारलं तर घर कोणीही दाखवतं.

येता-जाता दोन्ही वेळा कानात तीच चीज असते, पण ऐकण्याची रीत निरनिराळी. सकाळी नुसतं ऐकायचं, हाताची घडी घालून. संध्याकाळी उचलायचं. परतीच्या गाडीत मांडीवर बॅग आडवी होते आणि तिच्यावर बोटं चालू लागतात. शेजारच्या नेहमीच्या प्रवाशांना याची सवय झाली आहे. नवखा कोणी असेल तर तो थोडा सरकून बसतो.

उचलायचं म्हणजे काय, ते त्यांच्या घरी पाहायला मिळतं. आधी गवयाचा ‘सा’ शोधायचा. पूर्वी कॅसेट चालू-बंद करत पेटीवर एकेक पट्टी चाचपावी लागे, त्यात टेपरेकॉर्डरची गती थोडी कमी-जास्त असली की सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लटकत राही. आता फोनमधल्या तंबोऱ्यावर काम मिनिटात होतं. या तंबोऱ्याचा पूर्वज बंगळुरूचा. इलेक्ट्रॉनिक तंबोरा जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये तयार केला, तेव्हा अनेक जाणकारांनी नाकं मुरडली होती. आज गवयाच्या मागे खरे तंबोरे असले तरी शेजारी ती छोटी पेटी गुपचूप बोलत असते.

‘सा’ सापडला की मुखडा. मुखड्याची सम कुठे पडते हे टाळी धरून पक्कं करायचं, मग शब्द काढून टाकायचे आणि चाल शंभर पानी वहीत सरगमीत उतरवायची. शेवटचं काम भाऊंच्या मते खरं कौशल्याचं: त्या चालीत तुकोबांचा किंवा नामदेवांचा कुठला अभंग बसेल ते पाहायचं. अक्षरं मोजायची, चरण ओढायचा की आखडायचा ते ठरवायचं. सगळ्याच चाली बसत नाहीत. बसवलेल्या काही चालींवर त्यांनी स्वतःच लाल शाईने फुली मारली आहे. एकीखाली लिहिलंय, ‘अर्थ मेला’.

कोकणातल्या संगीत भजनाची ही जुनीच रीत. ज्या गावांत कधी ख्यालाची बैठक झाली नाही तिथे यमन, भूप, भीमपलास, मालकंस पोचले ते देवळाच्या सभामंडपातून, अभंगाच्या पाठीवर बसून. नाट्यसंगीताने तर भजनी बुवांना चालींचं कोठारच उघडून दिलं. ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 मध्ये रंगभूमीवर आलं आणि जितेंद्र अभिषेकींच्या त्या चाली नाटक न पाहिलेल्या माणसांच्याही गळ्यात बसल्या. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या वारकरी मंडळींना हे पटत नाही, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे: सिनेमाची उडती चाल अभंगाला लावली की ऐकणारा विठ्ठल विसरून नटी आठवतो. भाऊंची वही ही या भांडणातली तडजोड आहे.

भाऊंच्या वडिलांना हे पुन्हा पुन्हा ऐकण्याचं सुख नव्हतं. घरात एक रेडिओ, त्यावर शनिवारी रात्री आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम, जो 1952 पासून सुरू झाला होता. एकदा ऐकलेलं पुन्हा ऐकायला मिळेलच असं नाही, म्हणून वडील बंदिशीचे शब्द वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेत. 1955 च्या एप्रिलमध्ये पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा शेजारची माणसं ओसरीवर येऊन बसत. ही आठवण भाऊंकडे आजीकडून आली आहे. एक गंमतही ते सांगतात. ज्या पेटीवर त्यांचा जीव, तीच पेटी आकाशवाणीवर 1940 पासून तीस-एकतीस वर्षं वर्ज्य होती. मींड निघत नाही, सूर ठोकळेबाज, वाद्य परदेशी, असे आक्षेप होते. म्हणजे रेडिओवर बंद आणि देवळात चालू.

आक्षेप खोटे नव्हते, हे पेटीवाला जितकं जाणतो तितकं कोणी जाणत नाही. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. पेटीला पायऱ्या आहेत, उतरण नाही. म्हणून मग युक्त्या. मधल्या सुराला कणभर स्पर्श करून पुढे जायचं, भात्याचा दाब त्या क्षणी किंचित कमी करायचा, की कानाला घसरण्याचा भास होतो. गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांनी हा भास इतका पक्का केला की पेटी गाते असं लोक म्हणू लागले. दरबारीचा कोमल गंधार मात्र साध्या पेटीवर सापडत नाही तो नाहीच. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली ती याच दुखण्यावर. भाऊंनी दरबारीवर दुसरा उपाय शोधला आहे: गंधार आला की पेटीवर ‘सा’ धरून गप्प राहायचं, बुवांना गाऊ द्यायचं.

या बारा पट्ट्यांची खरी फजिती एका लग्नात झाली. पेण-रोह्याकडच्या आगरी घरांत लग्नाचे विधी धवलारीण चालवते. तिचे ढवळे ठरावीक दोन-चार सुरांत फिरतात आणि विधीगणिक पुढे सरकतात. भाऊंनी हौसेने पेटी काढली आणि तिच्या मागे सूर धरायला गेले. तिचा एक सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये. खालची दाबावी तर उतरतो, वरची दाबावी तर चढतो. दोन ओळींनंतर तिने गाणं न थांबवता नुसता हात वर केला. भाऊंनी भाता मिटला.

पेटीची निगा हे स्वतंत्र काम आहे, आणि अंबा नदीकाठी ते दुप्पट होतं. रायगडात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनअखेर पट्ट्या फुगून एकमेकींना घासू लागतात, दाबलेली पट्टी वर येत नाही. सुराची पितळी जीभ काळवंडते आणि मग सूर बोलत नाही, नुसती हवा सुटते. झुरळं आणि उंदीर आतली बनात आणि भात्याचं कातडं खातात. भाऊ डांबरगोळ्या ठेवतात, पेटी जुन्या धोतरात गुंडाळतात, आणि सूर अडला तर वरची फळी उघडून जिभेखालून कागदाची पट्टी अलगद सरकवतात. निम्म्या वेळा कचऱ्याचा कण निघतो आणि सूर मोकळा होतो. पूर्वी ते पेटीच्या कपाटात पंधरा वॅटचा पिवळा दिवा लावून ठेवत. ऊब राहायची, ओल धरायची नाही. एलईडी आल्यापासून प्रकाश भरपूर, ऊब शून्य. जुन्या दिव्यांचा शेवटचा साठा त्यांनी रोह्याच्या बाजारातून उचलला, त्यातले तीन शिल्लक आहेत.

भजन गुरुवारी रात्री. जेवणं उरकून माणसं येऊ लागतात आणि पहिला अर्धा तास पखवाजाचाच असतो. पखवाजी घरून कणकेचा गोळा डब्यात घेऊन येतो, पाण्याचा हात लावून तो डाव्या पुडीवर थापतो, थाप मारून बघतो, चिमूटभर काढतो, पुन्हा लावतो. धुमाला भारदस्तपणा या कणकेमुळे येतो. उजवीकडे शाई असते. तिथे हातोडीने गठ्ठे खाली-वर ठोकत वादी ताणून सूर मिळवायचा. पावसात कातडं सैल पडतं, सूर खाली येतो, म्हणून पखवाज चुलीच्या उबेला ठेवूनच आणलेला असतो. तरी तासाभराने उतरतोच. तोपर्यंत भाऊ एकच पट्टी दाबून बसलेले. टाळकरी तंबाखू मळतात, कोणाच्या तरी शेतातल्या लावणीचा विषय निघतो.

मग बुवा खाकरतात आणि बोलणं थांबतं.

नमन, मग रूपाचा अभंग. देवाचं रूप डोळ्यांपुढे उभं राहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा क्रम कोणी मोडत नाही. पहिले दोन चरण बुवा एकटे म्हणतात, हळू, आलापी घेत. भाऊंची पेटी सावलीसारखी एक पाऊल मागे. साथीतली मोठी चूक पुढे धावण्याची, हे ते प्रत्येक नव्या पोराला सांगतात आणि स्वतः महिन्यातून एकदा करतात. धृपदावर टाळकरी झील उचलतात. पंधरा-वीस गळे, त्यातले चार बेसूर, पण एकत्र आले की त्या बेसुराचाही कुठेतरी गिलावा होतो. लय वाढत जाते. बुवांचा हात वर गेला की पखवाज दुगणीत, टाळ उभे, आणि मंडपातल्या पत्र्याला कंप सुटतो. हात खाली, एकदम शांत. पुन्हा एकटे बुवा, पहिलाच चरण.

एका गुरुवारी वहीतली नवी चाल निघाली. भाऊंनी आठवडाभर गाडीत घोटलेली, मारुबिहागाच्या अंगाने जाणारी. बुवांनी ती तीन वेळा गुणगुणली, तिसऱ्यांदा एक वळण बदललं, आणि बदललेलंच बरं होतं. भाऊंनी मान हलवली. त्यांचं म्हणणं, चाल मंडळात आली की ती आपली राहत नाही. दोन-तीन गुरुवारांत झीलकरी तिला घासून-पुसून सोपी करतात, अवघड जागा झडून जातात आणि गाण्याजोगं तेवढं उरतं. कुठला बुजुर्ग गवई मूळ गायला होता हे तोवर फक्त वहीला माहीत असतं.

गणपतीत हीच मंडळी एका रात्रीत चार-पाच घरं करतात. तेव्हा बारकावे नसतात. प्रत्येक घरी अभंग, गौळण, गजर, चहा, पुढचं घर. पाचव्या दिवशी बुवांचा आवाज गेलेला असतो आणि भाऊंचा डावा हात भात्याने दुखत असतो.

वर्षातून एक सहल ठरलेली: डिसेंबरात पुणे. पाली, खोपोली, मग घाट. 1953 मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव भाऊ भारतीय बैठकीत बसून ऐकतात, दुलई आणि थर्मास घेऊन. नजर गवयावर कमी, पेटीवाल्याच्या उजव्या हातावर जास्त. कोण कुठलं बोट कुठल्या पट्टीवर टाकतो, तान संपल्यावर श्वास घ्यायला कुठे थांबतो, याच्या नोंदी बसच्या तिकिटामागे होतात. एके काळी हा महोत्सव रात्रभर चाले. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आले आणि रात्री दहाची वेळ आडवी आली. उत्तररात्रीचे राग ऐकायला मिळत नाहीत ही तिथल्या जुन्या श्रोत्यांची कायमची हळहळ. भाऊ ऐकून घेतात. देवळात कर्णा न लावता, नुसत्या गळ्यावर, मालकंसातला अभंग ते अनेकदा मध्यरात्रीच वाजवून आलेले असतात.

पुण्याला जाण्यावरून मंडळात त्यांची थट्टाही होते. चार दिवस रजा, प्रवास, तिकीट, आणि परत येऊन वाजवायचं काय, तर तेच. एकदा पखवाजीने विचारलं की एवढे मोठे गवई ऐकून आमचं हे बेसूर कसं सोसवतं? भाऊ म्हणाले, तिथे मला कोणी वाजवायला देत नाही. वसंतराव देशपांड्यांनी चोवीस वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली, हे मात्र ते ऑफिसात वेळोवेळी ऐकवतात. विशेषतः रजेचा अर्ज देताना.

नव्या चालीच्या त्या गुरुवारी साडेबाराला भैरवी झाली. पखवाजी चाकूने कणीक खरवडतोय, पोरं टाळ मोजून पिशवीत भरताहेत. प्रसादाचा शिरा वाटता वाटता बुवा म्हणाले, “भाऊ, घसा बसलाय. पुढच्या गुरुवारी एक पट्टी खाली घेऊ.”

नवी चाल काळी दोनमध्ये बोटांवर बसली होती. आता पांढरी दोन, म्हणजे सगळी बोटं पुन्हा पहिल्यापासून. सकाळच्या गाडीत हाताची घडी घालून बसायचा नेम शुक्रवारी मोडला. कासू यायच्या आत बॅग मांडीवर आडवी झाली, आणि समोर बसलेल्या बाईंनी आपला डबा जरा बाजूला घेतला.