पत्र माझ्या नावाचं, पण माझं नव्हे!

तळेऱ्याला, जिथे गगनबावड्याकडून येणारा कोल्हापूरचा रस्ता मुंबई-गोवा हमरस्त्याला मिळतो, तिथे माझ्या मावसनणंदेचा आमसुलं नि आंबापोळीचा घरगुती धंदा आहे. गेल्या हंगामात तिच्या पत्त्यावरून मुंबईच्या व्यापाऱ्याला ई-मेल गेला, 'आमचं बँकेचं खातं बदललं, पैसे नव्या खात्यात भरा.' त्यानं २८ हजार भरले! आठवड्यानं हिनं पैशांची आठवण केली, तेव्हा तो हिलाच लबाड म्हणू लागला.

"नाव माझा, पत्तो माझो, पण पत्र माझा नाय गो वयनी!" फोनवर बिचारी रडवेली झाली होती.

मैत्रिणींनो, हे होतं कसं? पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव कुणीही कुणाचंही लिहू शकतं, नाही का? ई-मेलचंही तसंच. त्याचे नियम १९८२ साली ठरले, तेव्हा नाव खरं की खोटं हे तपासायची सोयच ठेवली नव्हती.

पण पाकिटावर पोस्टाचा शिक्का असतो ना! भाच्यानं व्यापाऱ्याला जीमेलमध्ये, कॉम्प्युटरवर, 'मूळ संदेश' उघडायला लावला. पत्र हिच्या नेहमीच्या सर्व्हरवरून निघालंच नव्हतं. म्हणजे कुणी हिचा पासवर्ड चोरला नव्हता, नुसतं नाव वापरलं होतं. हिच्या नावाला कुलूपच नव्हतं म्हणा ना!

ही कुलुपं तीन. एसपीएफ म्हणजे आपली पत्रं कोणते सर्व्हर नेतील त्यांची यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची लाखेची मोहोर. वाटेत मजकूर बदलला की ती जुळत नाही. आणि डीमार्क म्हणजे मालकाची सूचना, 'न जुळणारं पत्र स्पॅममध्ये टाका' किंवा 'दारातूनच परत करा.' ज्याच्याकडून धंद्याच्या नावाचं डोमेन घेतलं, त्याच्याकडे ही नोंद करून मिळते. मात्र पहिले काही आठवडे नुसतं निरीक्षण ठेवावं. एकदम कडक नियम लावला तर आपलीच बिलं परत यायची! फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं घाऊक पत्रं पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची केली आहेत.

तरीही एका अक्षराचा फरक करून केलेला नकली पत्ता या कुलुपांना चकवतोच. म्हणून रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' अशा शेवटाचा पत्ता घ्यायला सांगितलं. आपण मात्र अक्षरन् अक्षर वाचावं.

आणि हे घरात लिहूनच ठेवा : खातं बदलल्याचं पत्र आलं, तर जुन्या, ओळखीच्या नंबरावर फोन केल्याशिवाय पैसे भरू नयेत. फसगत झालीच तर लाजत बसू नका. लगेच १९३० फिरवा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

त्या व्यापाऱ्याचे पैसे काही परत आले नाहीत. तक्रारीला उशीर झाला होता. पण तो 'मूळ संदेश' पाहून त्यानं स्वतःहून फोन केला, "ताई, चुकलो." यंदा त्याची पहिली ऑर्डर आलीसुद्धा. ई-मेलनं नव्हे, फोनवर!