उभ्या झाडाचे तारण

ब्राझीलमध्ये एक जुना विनोद आहे. 'आक्रे नावाचे राज्य अस्तित्वातच नाही,' असे तिथली मंडळी हसत हसत सांगतात. नकाशात ते दिसते, निवडणुकीत तिथली मते मोजली जातात, पण तिथे जाऊन आलेला माणूस मात्र कुणाच्याच ओळखीचा नसतो! आपल्याकडे गडचिरोलीला बदली झाली की घरात जशी शांतता पसरते, तशी तिकडे आक्रेचे नाव निघाले की पसरत असावी. दूरच्या मुलखाची थट्टा करणे ही राजधान्यांची जगभरची सवय आहे. ज्या मुलखाची अशी थट्टा होते, त्याचा जमाखर्च मात्र एकदा नीट पाहावा.

आक्रे ब्राझीलच्या अगदी पश्चिम टोकाला, पेरू आणि बोलिव्हियाला खेटून आहे. क्षेत्रफळ सुमारे १ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे अधिक. लोकवस्ती मात्र २०२२ च्या जनगणनेनुसार ८ लाख ३० हजार, आणि त्यांतले साडेतीन लाखांहून अधिक लोक एकट्या रिओ ब्रांको या राजधानीत. चौरस किलोमीटरला सरासरी पाच माणसे. २०११ साली महाराष्ट्रात हा आकडा ३६५ होता. राज्याचा सुमारे ८५ टक्के भाग आजही जंगलाखाली आहे.

इथल्या नद्या, म्हणजे पुरूस, जुरुआ, आक्रे आणि त्यांच्या उपनद्या, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे साधारण समांतर वाहतात. गावे नदीकाठी वसली, त्यामुळे वर-खाली जाणे सोपे, पण एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जाणे महाकठीण. रिओ ब्रांको आणि पश्चिमेचे क्रुझेइरो दो सुल ही दोन मोठी गावे जोडणारा महामार्ग सहाशेहून अधिक किलोमीटरचा. तो दर पावसाळ्यात खचतो. कारण या मुलखात दगडच नाही! सगळी गाळाची माती. खडी बाहेरून आणावी लागते, म्हणून कित्येक गावांतले रस्ते विटांचे आहेत. जॉर्दाओ, सांता रोझा दो पुरूस अशा गावांना आजही रस्ता नाही. बोट किंवा छोटे विमान एवढाच आधार. ऋतूंची नावेही लोकांनी स्वतःपुरती ठरवून टाकली आहेत. पाऊस पडतो तो 'हिवाळा', पडत नाही तो 'उन्हाळा', मग पंचांग काहीही म्हणो.

घड्याळाचेही तेच. राजधानी ब्राझिलियाच्या दोन तास मागे असणारे हे राज्य २००८ मध्ये कायद्याने एक तास पुढे ओढले गेले. लोकांनी २०१० च्या सार्वमतात हा बदल नाकारला, आणि २०१३ मध्ये जुनी वेळ परत आली. सूर्य कधी उगवावा हे राजधानीने ठरवू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

वीस लाख पौंडांचे जंगल

हा प्रदेश मुळात ब्राझीलचा नव्हताच. १८६७ च्या तहाप्रमाणे तो बोलिव्हियाचा. पण १८७७ पासून ब्राझीलच्या ईशान्य भागात, विशेषतः सेआरा प्रांतात, भीषण दुष्काळ पडला आणि हजारो भुकेले शेतकरी नद्यांतून वर वर सरकत इथे येऊन पोचले. त्या वेळी युरोप-अमेरिकेला रबराची भूक लागली होती आणि इथल्या जंगलात रबराचे झाड आपसूक वाढत होते. १८९९ मध्ये लुईस गाल्वेस नावाच्या एका स्पॅनिश गृहस्थाने चक्क 'आक्रे प्रजासत्ताक' जाहीर केले. ते काही महिनेच टिकले. १९०२ मध्ये प्लासिदो दे कास्त्रो याच्या नेतृत्वाखाली शापुरी गावातून सशस्त्र उठाव झाला आणि अखेर १७ नोव्हेंबर १९०३ च्या पेट्रोपोलिस तहाने हा मुलूख ब्राझीलकडे आला. किंमत ठरली वीस लाख पौंड, शिवाय बोलिव्हियाच्या मालाला वाट मिळावी म्हणून एक रेल्वेमार्ग. तो मार्ग हजारो मजुरांचे बळी घेऊन १९१२ मध्ये पुरा झाला, नेमका रबराचा बाजार कोसळण्याच्या सुमारास.

बाजार कोसळला त्याची कथा ठाऊक असलेली बरी. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने अॅमेझॉनच्या खोऱ्यातून रबराच्या सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. तिथून रोपे श्रीलंका आणि मलायात गेली, पुढे आपल्या केरळातही आली. आशियात झाडे ओळीत लावता आली. अॅमेझॉनमध्ये मात्र झाडे जवळजवळ लावली की पानांवरच्या बुरशीने बाग उजाड होते. तिथे रबराचे झाड विखुरलेलेच जगते, इतर शंभर झाडांच्या सोबतीने. पुढे सगळ्या राज्याचे भवितव्य या एका गोष्टीवर ठरले.

कधीच न मिटणारे खाते

त्या काळातल्या रबर-कामगाराचा दिवस पहाटेपूर्वी सुरू होई, कारण चीक गारव्यात चांगला वाहतो. डोक्यावर रॉकेलचा दिवा बांधून तो शंभर-दोनशे झाडांची वाट चालत जाई, प्रत्येक खोडावर तिरकी चीर पाडी, खाली वाटी अडकवी. दुपारी तीच वाट पुन्हा चालून चीक गोळा करी आणि संध्याकाळी धुरावर धरून त्याचा गोळा करी. धुराने डोळे आणि छाती दोन्ही जात.

हा गोळा विकायचा कुठे? मालकाच्या दुकानात. मीठ, पीठ, रॉकेल, काडतुसे घ्यायची कुठे? त्याच दुकानात. दोन्हीकडचे भाव मालकाच्या हातात. बेलेंचे बडे व्यापारी मळेमालकाला उधार देत, मालक कामगाराला उधार देई. कामगार येतानाच प्रवासखर्चाच्या कर्जात असे. बहुतेक ठिकाणी त्याला शेती करायलाही मनाई, कारण स्वतःचे पिकवले तर दुकानात कोण येणार?

खातेवह्या पाहण्यात माझा जन्म गेला. कर्ज बुडते तेव्हा बँक हळहळते. इथे कर्ज फिटले असते तर मालक हळहळला असता. हे खाते मिटण्यासाठी उघडलेलेच नव्हते. आपल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सावकारांचे दस्तऐवज जाळले, कारण कागदात आपला गळा अडकला आहे हे त्यांना कळले होते. रानात एकटा राहणाऱ्या रबर-कामगाराला तर शेजारीही तासाभराच्या चालीवर असे.

दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतला आणि अमेरिकेला पुन्हा अॅमेझॉनची आठवण झाली. ईशान्येतून पन्नास हजारांहून अधिक माणसे 'रबराचे सैनिक' म्हणून इथे पाठवली गेली. हजारो जण हिवतापाने आणि उपासमारीने गेले. जे उरले त्यांना निवृत्तिवेतन मिळण्यासाठी १९८८ ची राज्यघटना यावी लागली.

झाडासमोर उभी राहिलेली माणसे

सत्तरच्या दशकात लष्करी राजवटीने करसवलती देऊन दक्षिणेच्या धनिकांना अॅमेझॉनमध्ये गुरे पाळायला बोलावले. जंगल तोडले म्हणजे जमीन 'उपयोगात आणली' असे कायद्याचे गणित. आक्रेचे मळे विकले गेले, त्यावर राहणारी माणसे न विचारता! १९७६ पासून या माणसांनी एक साधा उपाय सुरू केला. बायकामुलांसह जाऊन ती करवतींच्या पुढे उभी राहत. आपल्याकडे १९७३ मध्ये गढवालात 'चिपको' सुरू झाले होते. हजारो मैलांवरच्या या लोकांनाही तेच सुचले.

शापुरीचा चिको मेंडेस यांच्यातलाच. जन्म १९४४ चा. लहानपणापासून चीक काढणारा हा मुलगा शाळेत गेला नव्हता. रानात आसरा घेतलेल्या एका राजकीय बंडखोराने त्याला जुन्या वर्तमानपत्रांवरून वाचायला शिकवले. वाचता येऊ लागल्यावर दुकानातला हिशेबही वाचता येतो, हे त्याला उमगले. पुढे त्याने संघटना बांधली, आणि १९८७ मध्ये थेट मायामीला जाऊन आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या सभेत सांगितले, की तुमच्या कर्जातून होणारा रस्ता आमचे रान खातो आहे. बँकेने कर्जाचे हप्ते थांबवले. कर्जदाराच्या सरकारपेक्षा एका रबर-कामगाराचे ऐकणारी सभा रोज भरत नाही. त्याच वर्षी त्याला संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण सन्मान मिळाला. २२ डिसेंबर १९८८ रोजी, वाढदिवसानंतर आठवड्याने, राहत्या घराच्या मागच्या दारात त्याला गोळी घालण्यात आली. एका गुरेमालकाला आणि त्याच्या मुलाला १९९० मध्ये १९ वर्षांची शिक्षा झाली.

त्याच्या मागणीतून १९९० मध्ये 'राखीव संकलन-क्षेत्रे' निर्माण झाली. जमीन सरकारची, वहिवाट तिथल्या कुटुंबांची. रबर घ्या, ब्राझील नट वेचा, थोडी शेती करा, पण रान मोडू नका. चिको मेंडेसच्या नावाचे क्षेत्र नऊ लाख हेक्टरांहून मोठे आहे. त्याची सहकारी मारिना सिल्वा, वयाच्या सोळाव्या वर्षी अक्षर ओळखू लागलेली रबर-कामगाराची मुलगी, २००३ मध्ये देशाची पर्यावरणमंत्री झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा.

गाय आणि झाड

मग सगळे गोड झाले का? तसे नाही. आज आक्रेमध्ये चाळीस लाखांहून अधिक गुरे आहेत, म्हणजे माणशी जवळजवळ पाच. राखीव क्षेत्रांतही कुरणे वाढत आहेत, आणि ती वाढवणारे कधीकधी त्याच जुन्या कामगारांचे नातू आहेत. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. ग्रामीण शाखेत कर्जाचे अर्ज तपासताना मी पाहिले आहे, की म्हशीला किंमत लावता येते, पंपाला लावता येते, हिरड्याला आणि मोहाला लावता येत नाही. गाय म्हणजे चार पायांचे बचतखाते. घरात आजारपण आले की विकली, पैसे हातात. ब्राझील नटचे झाड तोडायला कायद्याने बंदी आहे. ते शतकानुशतके उभे राहते, दर पावसाळ्यात फळे टाकते, पण मुलाला दवाखान्यात न्यायचे असेल त्या रात्री ते पैसे देत नाही.

म्हणून उभ्या झाडाला भाव मिळवून देणे हाच आक्रेपुढचा प्रश्न आहे. १९९९ मध्ये राज्याने रानातल्या रबराला अनुदान सुरू केले. २००८ मध्ये शापुरीत त्या रबरापासून कुटुंबनियोजनाची साधने बनवणारा सरकारी कारखाना निघाला. एक फ्रेंच कंपनी बुटांच्या तळव्यांसाठी इथले रबर बाजारापेक्षा चढ्या भावाने घेऊ लागली. २०१२ मध्ये तर जर्मनीच्या सरकारी विकास बँकेने जंगलतोड कमी ठेवल्याबद्दल राज्याला पैसे देण्याचा करार केला. झाड तारण म्हणून धरण्याचा हा एक प्रयत्नच म्हणायचा. रकमा लहान आहेत, पण खाते उघडले गेले आहे.

या मुलखाशी आपला काय संबंध, असे कुणी विचारील. उपवासाचा साबुदाणा ज्या कंदाचा, तो कसावा दक्षिण अमेरिकेचाच. क्रुझेइरो दो सुलचे कसाव्याचे पीठ ब्राझीलभर नावाजलेले आहे, आणि सीरिया-लेबनॉनहून आलेल्या व्यापाऱ्यांच्या वंशजांनी त्याच कंदाचे कबाबासारखे 'किबे' करून आक्रेच्या ताटात वाढले. पण अधिक जवळचा संबंध सिंधुदुर्गात आहे. दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरांत गेल्या काही दशकांत रबराच्या बागा उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यासाठी सह्याद्रीचे जुने रान तुटले. ज्या झाडासाठी आक्रेची माणसे जंगल राखायला उभी राहिली, त्याच झाडासाठी आपण जंगल कापतो. दोष झाडाचा नाही. रान ठेवून ते वाढवायचे की रान काढून, हे माणसाच्या हिशेबावर ठरते.

हिशेब न जुळल्यास काय होते तेही आक्रे नदीने दाखवले आहे. २०१५ मध्ये रिओ ब्रांको येथे तिची पातळी १८ मीटर ४० सेंटिमीटरवर गेली आणि शहराच्या वस्त्या बुडाल्या. २०२४ च्या सुरुवातीला ती पुन्हा जवळजवळ तितकीच चढली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सव्वा मीटरच्याही खाली आली. बोटी गाळात रुतल्या, आणि पुरात ज्यांची घरे गेली होती त्यांना प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली.